दौलतकाकांचं पिस्तूल

कुकरची शिट्टी व्हायच्या आत दौलतकाका चपला घालून अंगणात येऊन उभे राहतात. रोज. पाऊस असला तर छत्री घेऊन उभे राहतात. कुकर फुटलाच तर घरातलं एक माणूस तरी वाचायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आत काकू एकट्या असतात, त्यांचं काय, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "तिले म्हणतो ना गुर्जी, तू बी बाहीर ये. पण मंग गॅस कोण बंद करन?"

सुभद्राकाकूंना गेली बरीच वर्षं ऐकू येत नाही. त्यामुळे काका बाहेरून शिट्ट्या मोजतात आणि खिडकीच्या जाळीतून बोटं दाखवतात. तीन बोटं दिसली की काकू गॅस बंद करतात. आमच्या गल्लीत नवीन आलेल्या माणसाला हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा त्याला वाटतं, म्हातारा-म्हातारीचं भांडण चाललंय आणि म्हातारा तिला हे तिसऱ्यांदा सांगतोय.

तर अशा माणसाने एक दिवस पिस्तूल बनवायला घेतलं.

काकांची सगळी नोकरी ट्रेझरी ऑफिसात कारकुनी करण्यात गेली. तिथले जुने उर्दू शब्द त्यांच्या तोंडात अजून तसेच आहेत. अर्जाला ते दरख्वास्त म्हणतात, फायलीला मिसल म्हणतात. पण त्यांचा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे एहतियात, खबरदारी. "एहतियात पायजे, गुर्जी." मोबाइल चार्जिंगला लावला की तो स्टीलच्या बादलीत ठेवतात. बसमध्ये पुढे बसत नाहीत, समोरून ट्रक येतो. मागे बसत नाहीत, मागून येतो. अंगणात सीताफळाचं झाड आहे, माझ्या खांद्याएवढं. फळं धरली की काका त्याच्याजवळून जाताना हेल्मेट घालतात. त्यांच्याकडे गाडी नाही. हेल्मेट आहे.

एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. "गुर्जी, जरा या. दार लावून घ्या. कडी बी लावा."

मी आत गेलो तर पलंग तिरका झाला होता. एक पाय कापलेला आणि त्या जागी विटा रचलेल्या. काकू त्या उतारावर बसून शांतपणे लसूण सोलत होत्या. काकांनी टेबलावरचं वर्तमानपत्र बाजूला केलं. खाली पलंगाचा पाय होता, पण आता तो पाय राहिला नव्हता. त्याला छान वळण देऊन मूठ केली होती. सागवान ते सागवानच, चमकत होतं. शेजारी सायकलच्या ब्रेकचा एक तुकडा आणि ऑफिसातल्या मोडक्या पंचिंग मशीनची स्प्रिंग.

"काय आहे हे?"

"पिस्तूल," काका कुजबुजले. "ठासणीचं. तोंडातून दारू ठासाची अन् बार काढाचा. आपल्याइकडं भरमार बंदूक राहे ना, तिचं लहान भावंड."

मी खाली बसलो. जागा बघून बसायला हवं होतं. पलंगावर बसलो आणि घसरत विटांपर्यंत गेलो.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी सरकारी शाळेत मास्तर आहे आणि भीती हा माझा जोडधंदा आहे. पोस्टमन आला तरी मला आधी सस्पेन्शन ऑर्डर दिसते. शिवाय आमचं गाव इंद्रवेल्ली, जिथे एक्याऐंशी साली पोलिसांनी आदिवासींच्या सभेवर गोळ्या झाडल्या होत्या. इथे म्हाताऱ्या माणसांसमोर बंदूक हा शब्द अजून कोणी मोठ्याने काढत नाही. फटाका वाजला तरी काही घरांत गप्पा थांबतात. अशा गावात, माझ्या भिंतीला लागून असलेल्या घरात, पलंगाच्या पायाचं पिस्तूल तयार होत होतं. पोलीस आले तर आधी काकांना नेतील, मग शेजाऱ्याला विचारतील, "तुला माहीत होतं का?" आणि मला तर आता माहीत झालं होतं. दाराला कडी लावून माहीत झालं होतं.

"काका, याला लायसन्स लागतं."

"मालूम हाय. दरख्वास्त लिहून ठेवली." त्यांनी खणातून सुवाच्य अक्षरातला अर्ज काढला.

"मग दिली का नाही?"

काकांनी माझ्याकडे कीव करत पाहिलं. "देल्ली त त्यायले मालूम होईन ना, गुर्जी."

मी घरी आलो. वंदनाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझा चेहरा पाहून बीपीची गोळी आणून दिली. मी सगळं सांगितल्यावर तिने स्वतःही अर्धी घेतली. "तुमी जाताच काऊन तिकडं?" एवढंच ती म्हणाली. काका हाक मारतात तेव्हा त्या हाकेत असं काही असतं की माणूस चपला शोधत निघतो.

पुढच्याच आठवड्यात मी त्यांच्याबरोबर मंचेरियलला गेलो, यावरून काय ते समजा. तिथल्या भंगार बाजारात जाड नळ्या मिळतात असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी म्हणालो, येत नाही. ते म्हणाले, "मंग मी एकटा जातो. पकडलो त तिले कोण सांगन? फोन केला त तिले ऐकू येत नाई." मी गेलो.

नळी मिळाली. काकांनी ती शेवग्याच्या शेंगांच्या जुडीत बांधली, आणि परतीच्या बसमध्ये जुडी आमच्या दोघांच्या मांडीवर आडवी. जंगलाच्या नाक्यावर बस थांबली. सागवान चोरून नेतात म्हणून तिथे तपासणी होते. खाकी कपड्यातला एक शिपाई वर चढला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. काका मात्र शांत बसले असते तर ते काका कसले?

"शेंगाच हायेत, साहेब," ते आपणहून म्हणाले. "तुमी विचारलं नाई, पण शेंगाच हायेत."

शिपाई थांबला. त्याने जुडीकडे पाहिलं, मग काकांच्या फुगलेल्या खिशाकडे. "जेब में क्या है?"

खिशातून निघाली पिस्तुलाची मूठ. नळी बसते की नाही पाहायला बरोबर घेतलेली. शिपायाने ती हातात घेऊन उजेडात धरली, नखाने खरवडली, नाकाला लावली. मी मनातल्या मनात माझं पेन्शन, पोरीचं शिक्षण, सगळ्यांचा निरोप घेतला.

"ये तो सागवान है," तो डोळे मोठे करून म्हणाला. "किधर से लाया?"

मांडीवर नळी होती, शेंगांच्या वर अर्धी वीत डोकावत होती. तिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. त्याला सागवान सापडलं होतं. काकांनी त्याला मुठीवरचं जुनं पॉलिश दाखवलं, खिळ्याचं भोक दाखवलं, हा त्यांच्या लग्नातल्या पलंगाचा पाय असल्याचं तीन भाषांत सांगितलं. शेवटी कंडक्टर तेलुगूत ओरडला, "सारू, मंचम कालु अंट, वदिलेय!" पलंगाचा पाय आहे म्हणतात, सोडा! सगळी बस हसली. शिपायाने मूठ परत दिली आणि जाता जाता दोन शेंगा काढून घेतल्या. नेमकी नळी तेवढी सोडून.

उटनूरला बस चहासाठी थांबली. भीती ओसरली की मला राग येतो. मी काकांवर ओरडलोच. "कशासाठी हे सगळं? कोणाला मारायचंय तुम्हाला?"

काका दचकले. "मारते कोण? गोळी नाई भराची, छर्रा नाई. निस्ता बार पायजे." मग त्यांनी बशीत चहा ओतला. "तिच्यासाठी हाय."

काकूंचं माहेर नेरडीगोंड्याच्या पुढचं. त्यांच्या लहानपणी तिथे पोळ्याला पोलीस पाटील भरमारीचा बार काढत आणि मगच बैल तोरणाखालून सुटत. पाटील गेले, बंदूकही गेली. काकू मात्र अजून सांगतात की तो बार असा होता की मेलेलं माणूस उठून बसेल.

"थे असं हमेशा म्हणते," काका म्हणाले. "म्या म्हणलं, मेलेलं उठून बसते, त बहिऱ्याले ऐकू काऊन नाई येणार?"

कारकून माणूस. लिहिलंय ते लिहिलंय आणि बोललंय ते बोललंय. मी म्हणालो, कानाची मशीन आहे ना. ती डाळीच्या डब्यात आहे, असं कळलं. ती घातली की सगळं गाव एकदम भांडी घासतंय असं काकूंना वाटतं. दिवाळीला सुतळी बाँब लावून पाहिला होता म्हणे. पोरांनी लावला, काका न्हाणीघरात होते. काकू म्हणाल्या, आला आवाज. पण त्यांनी जाळ पाहिला असेल अशी काकांना शंका.

"एक डाव तरी तिले ऐकू आलं पायजे," ते म्हणाले. "गुर्जी, भांडं पडलं ना, त पयले थे म्हणे, काई नाई जी, मांजर हाय. बस्स. मी मोकळा. आता भांडं पडते, टिनावर काई वाजते, कुकर वाजते. ऐकणारा मी एकटाच. अन् मले समदं मोठं ऐकू येते. कोणाले विचारू, कायचा आवाज हाय म्हणून?"

इतकी वर्षं मी या माणसाला भित्रा म्हणून हसत होतो. घरात दोन माणसं आणि आवाज झेलायला एकच, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि त्यानंतर माझी काळजी कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाली. आतापर्यंत मला ते पिस्तूल वाजेल याची धास्ती होती. आता ते वाजून काकूंना ऐकू आलं नाही तर काय, याचीही लागली.

पिस्तूल पुरं होईपर्यंत एकदा पोलीसही येऊन गेला. ठाण्यातला कॉन्स्टेबल, बदलीची दरख्वास्त लिहून घ्यायला. तसं अर्धं गाव काकांकडूनच अर्ज लिहून घेतं. मी नेमका तिथेच होतो. काका मान खाली घालून लिहीत होते आणि काकू चहा घेऊन बाहेर आल्या. ट्रेमध्ये दोन कप, बिस्किटं आणि मधोमध पिस्तुलाची नळी.

"हे पाहा," त्या मोठ्याने म्हणाल्या, "यायनं घरी बनवलं!"

कॉन्स्टेबलने नळी उचलली. "ये क्या है, काका?"

"फुंकणी," काका म्हणाले. आवाज उंदराएवढा.

कॉन्स्टेबलने ती तोंडाला लावून जोरात फुंकली. गाल फुगले, डोळे लाल झाले. "हवा नहीं जाती."

"एकीकून बंद हाय," काका म्हणाले. आणि मग, खोटं बोलायची सवय नसल्यामुळे, "एहतियात म्हणून."

कॉन्स्टेबलने मान हलवली, नळी परत ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाला, "काका, बुढ्ढी माँ का भी लिखना. बीमार है करके." त्याचा जीव बदलीत अडकला होता. तो गेल्यावर काका आणि मी आळीपाळीने न्हाणीघरात जाऊन तोंड धुऊन आलो. काकूंनी ट्रे उचलला आणि त्याने बिस्किटं का खाल्ली नाहीत म्हणून हळहळल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही काकूंच्या माहेरी गेलो. मला साक्षीदार म्हणून नेलं होतं. बंदुकीच्या दारूची व्यवस्था काकांच्या मेहुण्याने केली होती. काकांनी ती संध्याकाळीच ठासून पिस्तूल तयार ठेवलं. उद्या हात थरथरले तर काय करायचं, म्हणून आजच. घरच्या बायका गोठ्यात बैलांची खांदमळणी करत होत्या. वर्षभर जू वाहून दुखावलेले खांदे गरम पाण्याने शेकायचे, त्यावर तूप-हळद चोळायची आणि बैलाच्या कानात म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मी हे पाहत होतो, पण माझं लक्ष नव्हतं. हात उडाला तर जवळचा दवाखाना कोणता, याचा हिशेब करत होतो.

दुसऱ्या दिवशी, बैल तोरणाकडे न्यायच्या आधी, मेहुण्याच्या पडीक वावरात तयारी झाली. पार टोकाला बाभळीचं खोड होतं, त्याला पिस्तूल करकचून बांधलं, तोंड नाल्याच्या दरडीकडे. पिस्तुलाच्या घोड्याला बांधलेली लांबलचक सुतळी गोठ्याच्या भिंतीमागे आणली. भिंतीमागे काका. डोक्यावर हेल्मेट, अंगावर गोधडी, दोन्ही बाजूंना वाळूच्या बादल्या. घरचे सगळे कुंपणापाशी. काकूंना पिस्तुलाकडे पाठ करून उभं केलं होतं, जाळ दिसायला नको म्हणून. ऐकू आलं तर हात वर करायचा, एवढं त्यांना समजावलं होतं. मी त्यांच्या समोर, तोंडाकडे पाहत. त्यांनी वळून पाहू नये यावर लक्ष ठेवायला.

"एक," काका भिंतीमागून ओरडले. मग सुतळी तपासली. "दोन." मग बादल्या तपासल्या. काकूंच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर ते शाळकरी पोरीचं दडपण, जे मी परीक्षेच्या हॉलमध्ये दर वर्षी पाहतो. मी मनात म्हणालो, येऊ दे रे देवा. एवढा एक आवाज तिला येऊ दे.

"तीन!"

मी दोन्ही कानांत बोटं घालून डोळे घट्ट मिटून घेतले.

काही झालं नाही. कुठेतरी टिक असं वाजलं असावं, तेही नंतर मेहुण्याने सांगितलं म्हणून. मी एक डोळा उघडला. सुभद्राकाकूंचा हात वर होता. पूर्ण सरळ, बोटं ताणलेली.

"आला!" त्या ओरडल्या. "आला वं बाई आवाज! केवढा मोठा! आमच्या पाटलाचा होता अगदी तस्साच!"

कुंपणापाशी एक पोरगा खिक् करून हसला. त्याच्या आईने त्याला जोराचा चिमटा काढला. काकूंनी माझा चेहरा पाहिला होता. गच्च मिटलेले डोळे, कानांतली बोटं. मास्तर घाबरला म्हणजे बार झाला, असं त्यांनी धरलं आणि हात वर केला.

काका भिंतीमागून बाहेर आले. वर गेलेला हात पाहून जागीच थांबले. टिक त्यांनी ऐकलं होतं. त्यांना सगळं मोठं ऐकू येतं. मग ते वावर ओलांडून बाभळीपर्यंत गेले, पिस्तूल सोडवून खाली कलंडवलं. नळीतून पिवळं पाणी टपटप गळलं.

काकू मागोमाग गेल्या होत्या. "काल बैलायची खांदमळणी केली, त म्हणलं याले काऊन सोडाचं?" त्या कौतुकाने सांगू लागल्या. "तुमी इतकी मेहनत केली. चांगलं ऊनऊन पाण्यानं धुतलं, आतून बी. नळीत तूप-हळद सोडली. आवतण बी देल्लं."

काकांनी पिस्तुलाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, तर माझ्याकडे न बघता पुटपुटले, "बार झाला, गुर्जी. कोणी विचारलं त झाला म्हणून सांगाचं."

"पण काका..."

"तिनं माह्यासाठी ऐकलं."

त्यांनी हेल्मेट काढलं. चेहरा घामाने भिजला होता. काकूंना वाटलं, आवाजाने घाबरले. त्यांनी पदराने त्यांचं कपाळ पुसलं आणि पाठीवर हात ठेवला.

"भेले का जी?" त्या म्हणाल्या. "भेऊ नका. काई नाई, बारच होता."

काकांनी मान हलवली. लहान पोर हलवतं तशी, दोनदा. मग काकूंनी त्यांच्या अंगावरची गोधडी काढून स्वतःच्या खांद्यावर टाकली, आणि दोघं बैलांच्या मागे तोरणाकडे निघाले.